सहाच्या सुमारास बंद पडणारा कॉम्प्युटर

४ ऑगस्ट, सोमवार

आजपासून ही वही. घडेल तेच लिहायचं, स्वतःला बरं वाटावं म्हणून काही झाकायचं नाही. ग्राहक मंचाच्या नोकरीत मी वस्त्यावस्त्यांमधून लोकांना सांगत फिरते की अन्याय झाला तर गप्प बसू नका, नाव घेऊन बोला. मग निदान आपल्या वहीत तरी आपण खरं बोलावं.

कारण आज पत्र आलं. मुलींच्या राष्ट्रीय गेमिंग संघासाठी माझं नाव निवड फेरीत आहे. ९, १० आणि ११ सप्टेंबर, रोज संध्याकाळी सहा ते आठ. प्रत्येकीने आपापल्या ठिकाणाहून खेळायचं. जिची जोडणी दोनदा तुटेल ती बाद, कारण ऐकून घेतलं जाणार नाही. पाच जणी नोव्हेंबरात ऑकलंडला जातील.

विद्यापीठात लॅबमधल्या मशीनवर खेळायचे. पदवी मिळाली तसं लॅबचं कार्ड बंद झालं. म्हणजे पाच आठवड्यांत स्वतःचा कॉम्प्युटर हवा, आणि तयार घेणं परवडणारं नाही. तेव्हा सुटे भाग आणून मीच जोडणार. पुस्तिका वाचता येतात, इंटरनेटवर सगळं आहे. पद्धतशीर काम केलं तर न सुटणारं काही नसतं.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आई-वडील, म्हणजे नाऊ आणि ताता, आठवीच्या पुढे गेले नाहीत. ताता सुवा बंदराच्या धक्क्यावर क्रेन चालवायचे, आता घरी असतात. पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, "खेळायला एवढं मोठं यंत्र? आम्ही एका चेंडूवर पंधरा जण भागवायचो."

"आणि तरी हरायचात," नाऊ म्हणाली.

ऑफिसातही चांगली बातमी. आमच्या घरामागच्या वस्तीत लोकांनी खांबावरून आकडे टाकून वीज घेतली होती. जीवघेणा प्रकार. मी त्यावर अहवाल लिहिला होता. गेल्या आठवड्यात वीज कंपनीने सगळे आकडे काढले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

९ ऑगस्ट, शनिवार

सगळे भाग आले. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय परमेश मुदलियार यांच्या दुकानातून, वापरलेले पण तपासलेले. ग्राफिक्स कार्ड बँकेतल्या एकाने विकलं, तेही त्यांच्याच ओळखीने. बाजाराच्या मागे त्यांचं चिंचोळं दुकान आहे, शाळेतले कॉम्प्युटरही तेच दुरुस्त करतात. मला "मॅडम ग्रॅज्युएट" म्हणतात. पावतीच्या मागे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं: बंद पडलं तर आणा, प्रश्न विचारणार नाही. मी म्हटलं, "अंकल, असं लिहून देणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला." तर म्हणाले, "वाचणारं गिऱ्हाईकही मी पहिल्यांदा पाहतोय."

सकाळी चटईवर सगळं मांडून बसले. मदरबोर्डच्या खाली पितळी खुंट्या लावायच्या असतात, त्यांतली एक हरवली होती. तासाभराने ती नाऊच्या शिवणाच्या डब्यात सापडली.

मी जोडणीत असताना बूबू सेरेइमा आली. आमच्या कुंपणामागे, वस्तीत तिची पत्र्याची खोली आहे. नाऊच्या गावची, म्हणून माझी आजी. संध्याकाळी पानिकेके, म्हणजे पिठाचे गोड गोळे, खोलीत तळते आणि बस थांब्यावर नेऊन विकते. विद्यापीठाच्या तीन वर्षांत माझ्या डब्यात रोज दोन तरी असायचेच. आज मात्र ती नेहमीसारखी स्वयंपाकघरात गेली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेली यंगोनाची मुळी, मोठं मागणं घालताना पुढे ठेवतात ती, घेऊन आली, बैठकीत ताताच्या समोर बसली, मुळी पुढे ठेवली आणि खाली मान घालून बोलली. एवढी औपचारिक कशासाठी, कळलं नाही. मी प्रोसेसर बसवत होते, तिकडे लक्ष देता आलं नाही. मग ताताने मुळीला हात लावला आणि तीन टाळ्या वाजवल्या. म्हणजे जे मागितलं ते दिलं.

दुपारी ताता माझ्या खोलीच्या बाहेरून भिंतीला भोक पाडत होते. धूळ मदरबोर्डवर उडाली. मी ओरडले. म्हणाले, "कपडे वाळत घालायची दोरी बांधतोय."

संध्याकाळी बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा म्हणून जोडलेला घरचा टीव्ही काळाच. नऊ वाजेपर्यंत तेच.

११ ऑगस्ट, सोमवार

काल रविवार. चर्च, आणि घरात यंत्राला हात लावायचा नाही हा नाऊचा नियम.

आज परमेश अंकल घरी जाताना स्वतःच्या गाडीतून मॉनिटर घेऊन आले. कॅबिनेटमध्ये एकदाच डोकावले आणि प्रोसेसरला वीज देणारी चार काड्यांची वायर उचलून माझ्यापुढे धरली. मी ती लावलीच नव्हती.

"मॅडम ग्रॅज्युएट, गाडीत पेट्रोल टाकतात ना तुमच्या विद्यापीठात?"

ताता इतके हसले की त्यांना खोकला लागला. पण पडदा उजळला. माझ्या हातांनी जोडलेलं मशीन. मी कुणाला दिसू नये म्हणून मागच्या दारी गेले आणि थोडी रडले.

बूबू तिथे कुंपणापाशी पानिकेकेची ताटली घेऊन उभी. अंकलनाही दोन दिले. ते खात खात कुंपणाजवळ बराच वेळ उभे राहिले, खाली बघत. मग ताता त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. दोघं काहीतरी हळू बोलत होते. ताता परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. माझ्या मशीनची किंमत त्यांना आत्ता कळली असणार.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ऑफिसातून साडेपाचला आले, तशीच बसले. पंधरा मिनिटं स्वर्ग. मग टप् करून सगळं बंद. दिवाही क्षणभर मिटला आणि पुन्हा लागला, इतका भार या कार्डाचा असेल याची कल्पना नव्हती. मशीन आपोआप सुरू झालं. पुन्हा खेळले, पुन्हा बंद. आठनंतर मात्र दहापर्यंत नीट चाललं.

१६ ऑगस्ट, शनिवार

आठवडाभराचा तक्ता करून भिंतीवर लावला आहे. मंगळवार चार वेळा, बुधवार तीन, गुरुवार पाच, शुक्रवार चार. सगळं साडेपाच ते साडेसातच्या मध्ये. आज सकाळी सलग तीन तास खेळले, एकदाही नाही.

निष्कर्ष: दिवसभर खोली तापते, संध्याकाळी आतला एखादा भाग उष्णता सहन करू शकत नाही. रात्री आणि सकाळी थंड असतो म्हणून चालतो.

ताताला तक्ता समजावून सांगितला. ते त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिले. म्हणाले, "संध्याकाळी विश्रांती दे त्याला. सकाळीच खेळ."

"फेरी संध्याकाळी आहे, ताता."

"हो ना," ते म्हणाले आणि उठून गेले.

२० ऑगस्ट, बुधवार

रॅमच्या दोन पट्ट्या एकेक करून तपासल्या. ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा बसवलं. पॉवर सप्लायच्या जाळीतून आत बॅटरी मारली तर एक पाल, तिच्याखाली दोन अंडी. ऊब असते म्हणून येतात. वाटलं, सापडलं कारण. पाल हाकलली, अंडी काढून कुंपणात ठेवली. पावणेसहाला बंद.

बूबूची ताटली आली होती. शिव्या देत देत चार पानिकेके खाल्ले. गॅस इतका महागलाय, ही अजून रोज एवढे तळते कशी, कोण जाणे. नाऊला विचारलं तर म्हणाली, "खा आणि गप्प बस."

२३ ऑगस्ट, शनिवार

मशीन अंकलच्या दुकानात नेलं. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत त्यांनी सगळ्यात जड खेळ लावून ठेवला. एकदाही नाही. तरी म्हणाले, "लिहून दिलंय ना मी," आणि पॉवर सप्लाय काढून दुसरा, जास्त ताकदीचा बसवला. वर काही घेतलं नाही.

निघताना म्हणाले, "बेटी, मशीनमध्ये दोष नाही. घरातली लाईन बघून घे. संध्याकाळी भिंतीतल्या सॉकेटवर मीटर लाव. तेवढं कर."

घरी येऊन हे सांगितलं. ताता काही बोलायच्या आत नाऊ म्हणाली, "लाईनला काय झालंय? हाउसिंगचं घर आहे, सरकारी माणूस तपासून गेलाय." इतक्या तुटकपणे ती सहसा बोलत नाही. तिला लागलं असावं. आपल्या घरात खोट काढली की कुणालाही लागतं. मलाही लागलं. आमच्यासारख्यांच्या घरी लाईन खराबच असणार, हे धरूनच चालतात लोक.

२७ ऑगस्ट, बुधवार

नवा पॉवर सप्लाय, तोच प्रकार. पावणेसहा, सहा वीस, सात पाच.

माझी खात्री होत चालली आहे की मदरबोर्डच सदोष आहे आणि अंकलना ते माहीत आहे. नाहीतर न मागता कुणी पॉवर सप्लाय फुकट बदलून देईल? मंचाच्या शिबिरात मी हेच शिकवते: दुकानदार छोटी गोष्ट उदारपणे बदलून देतो तेव्हा मोठी गोष्ट लपवत असतो.

३० ऑगस्ट, शनिवार

पुन्हा दुकानात गेले, मदरबोर्ड बदलून मागितला. अंकल म्हणाले, "दुसरा माझ्याकडे नाही, मागवला तर महिना लागेल. आणि बदलून उपयोग नाही. लाईन बघितलीस?"

"लाईन ठीक आहे."

"मीटर लावलास?"

"माझ्या घरची लाईन ठीक आहे, अंकल."

ते जरा वेळ स्क्रूड्रायव्हरने टेबल टोकत राहिले. मग म्हणाले, "असं कर. त्या तिन्ही संध्याकाळी मशीन इथे घेऊन ये. दुकान मी उघडं ठेवतो. इथून खेळ. माझी बायको बटाट्याची भाजी आणि रोटी पाठवेल. काय?"

मी विचार करून सांगते म्हटलं. घरी येईपर्यंत विचार झाला होता. खराब वस्तू विकायची, आणि मग उपकार करून तोंड बंद करायचं. एकदा त्यांच्या दुकानात बसून खेळले की तक्रार कुठल्या तोंडाने करू?

नाऊ मात्र हट्टाला पेटली. "जा ना तिथे. काय बिघडतं? चांगला माणूस आहे."

"परवापर्यंत तुला तो लाईनवरून बोलला म्हणून राग होता."

"राग नव्हता. तू जा, उला. माझं ऐक एवढं."

तिला तत्त्वाची गोष्ट समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकता ऐकता रडायला लागली. फेरीचं माझ्यापेक्षा तिलाच जास्त दडपण आलं आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

पहिली फेरी. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवली, समोर टेबलफॅन लावला. नाऊ साडेपाचपासून दोनदा मागच्या दारापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा बूबूकडे गेली आणि लगेच आली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. ती म्हणते, तू जिंकलीस की सगळ्या गल्लीला शंभर पानिकेके तळणार."

सहाला सुरू झालं. मी चांगली खेळत होते, हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. सहा बत्तीसला बंद. दोन मिनिटांनी परत आले, पण एक नोंद झाली. उरलेली फेरी आम्ही जिंकलो.

१० सप्टेंबर, बुधवार

सहा अकरा. बाद.

निवड समितीच्या बाईंचा निरोप आला: खेळ उत्तम, पण नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या वर्षी प्रयत्न करावा. पुढच्या वर्षी वयाची मर्यादा ओलांडलेली असेल.

ताता दारात येऊन उभे राहिले. काहीतरी बोलणार होते. मी म्हटलं, आत्ता नको. ते गेले.

११ सप्टेंबर, गुरुवार

आपल्या भागाच्या फेसबुक पानावर लिहिलं. माझ्या नावाने लिहिलं, आणि त्यांचं व दुकानाचं नाव घेऊन. सदोष मदरबोर्ड विकला, दोष कबूल केला नाही, उलट माझ्या घरातल्या विजेवर ढकललं, त्यामुळे मी राष्ट्रीय संघाला मुकले. तारखांचा तक्ताही जोडला. राग म्हणून एकही शब्द लिहिलेला नाही, सगळं पुराव्यानिशी आहे.

बरं वाटलं नाही. पण बरं वाटण्यासाठी लिहिलं नव्हतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

तीनशे चाळीस प्रतिक्रिया. अर्ध्या सहानुभूतीच्या. उरलेल्या अंकलच्या भारतीय वंशावर घसरलेल्या, वाचवत नाहीत. "त्या लोकांकडून दुसरी अपेक्षा काय", "हे असेच, पिढ्यान्‌पिढ्या". हे मी लिहिलेलं नाही. पण ते माझ्या लिखाणाखाली आहे. चार-पाच काढून टाकल्या, तर आणखी वीस आल्या. साहेबांनी फोन करून कौतुक केलं, म्हणाले, मंचाच्या पुढच्या शिबिरात हे उदाहरण घेऊ.

जेवताना ताता म्हणाले, "काढून टाक ते."

"का? खोटं आहे का त्यात काही?"

ताता बोटांनी ताटातला कसाव्याचा कंद कुस्करत राहिले. नाऊ म्हणाली, "मुलीला जेवू दे."

१८ सप्टेंबर, गुरुवार

बूबूची कोरो बेटावरची बहीण वारली. बूबू सोमवारीच बोटीने गेली, दहा रात्रींचा विधी उरकूनच येईल. नाऊने तिच्याबरोबर चटई आणि कापड पाठवलं.

मी रविवारी रात्री बारानंतर, म्हणजे नियम न मोडता, प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्यावर लावतात ती थर्मल पेस्ट, जुनी खरवडून नवी लावली. सोमवार, मंगळवार, बुधवार, आज. चारही संध्याकाळी मशीन एकदाही बंद पडलेलं नाही.

म्हणजे पेस्ट. अंकलनीच भागांबरोबर दिलेली वाळकी, जुनी पेस्ट. एवढी साधी चूक, आणि मला घराची लाईन बघायला सांगत होते. पानावर खाली जोड दिली: दोष दुकानदाराच्याच मालात होता, तो मी स्वतः शोधून दुरुस्त केला आहे. दीडशे जणांनी अंगठा दिला.

ताताला सांगितलं, "बघा, पद्धतशीर गेलं की सापडतं."

ते म्हणाले, "हो. तू हुशार आहेस." आणि चालायला बाहेर पडले, पाऊस असूनही.

२९ सप्टेंबर, सोमवार

बूबू परत आली. डोळे सुजलेले, पण आल्या आल्या पीठ भिजवायला बसली. म्हणाली, हात रिकामे राहिले की बहीण आठवते.

सहाला दहा कमी. ताटली दारात आली. मी एक हात लांब करून पानिकेके उचलला आणि मशीन बंद झालं. दिवा मिटला, लागला.

कुंपणापलीकडे तेल चुरचुरत होतं. पानिकेके माझ्या हातात गरम होता. मी तो बराच वेळ खाल्ला नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसला गेले नाही. नारिंगी वायर. माझ्या खोलीच्या भिंतीतून, कपडे वाळत घालायच्या दोरीखालून, क्रोटनच्या कुंपणाच्या मुळांतून बूबूच्या पत्र्याच्या खोलीत. तिथे एक विजेचा तळणीचा तवा, आणि काही नाही. भिंतीच्या आत, माझ्याच सॉकेटच्या मागे, ताताने दोन तारा पिळून त्यावर टेप गुंडाळला आहे. टेप वितळून काळा झालाय. तवा तापला की त्या सांध्यातून वीज धड माझ्याकडेही येत नाही. आग लागली नाही हे नशीब.

नाऊ भांडी घासत होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं."

"ताताला?"

"त्यांनीच जोडलं."

"आणि मी त्या माणसाबद्दल लिहिलं, तेव्हाही तुम्ही गप्प."

नाऊने नळ बंद केला. "मी नव्हतं सांगितलं लिहायला. सांगितलं होतं, त्याच्या दुकानात जाऊन खेळ. ऐकलंस?"

"मला एका शब्दाने सांगायचं होतंत. मी बूबूला म्हटलं असतं, सहा ते आठ थांब."

"आणि तिने थांबवलं असतं. कायमचं. तवा परत आणून दिला असता आणि पुन्हा आपल्या दारात आली नसती. तिने मुळी पुढे ठेवून मागितलं, उला. तुझ्या ताताने टाळ्या वाजवल्या. जे दिलं ते घड्याळ लावून देतात का?" मग हळू म्हणाली, "मी गेले होते त्या दिवशी, तासभर थांब म्हणायला. ती तुझ्यासाठी शंभर तळायचं बोलत होती. माझ्याने नाही झालं."

"पण तिला आपल्याकडून कशाला लागते वीज? इतकी वर्षं..."

बोलता बोलताच मला कळलं. ताता दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "खांबावरचे आकडे जुलैत काढले ना. गॅस तिला झेपत नाही."

अहवालात माझं वाक्य होतं: नागरिकांच्या जिवापेक्षा सोय मोठी नाही. अजूनही ते वाक्य मला खोटं वाटत नाही, हेच वाईट आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन दिवस वीज कंपनीच्या रांगेत. बूबूला रीतसर मीटर मिळेल का म्हणून. जमिनीचा कागद लागतो. तिच्याकडे नाही, वस्तीत कुणाकडेच नाही. खिडकीतली मुलगी माझ्याबरोबर विद्यापीठात होती. म्हणाली, "तू तर या विषयातली आहेस, तुला नियम माहीत असेल."

काल रात्री पानावर लिहिलं. श्री. मुदलियार यांच्या मालात दोष नव्हता, चूक माझी होती, मी माफी मागते. कारण लिहिता आलं नाही. कारण लिहिलं की वायर लिहावी लागते, वायर लिहिली की माणूस येतो, दंड होतो आणि तवा जातो. चार वेळा कारण लिहिलं, चार वेळा खोडलं.

सकाळपर्यंत तीन प्रतिक्रिया. एक: "किती दिले त्याने?" दुसरी: "ताई, तुला धमकावलं असेल तर सांग, आम्ही येतो." तिसरी साहेबांची, फोनवर: "हे असं मागे घेतलंस तर उद्या मंचाकडे कोण येईल?"

४ ऑक्टोबर, शनिवार

दुकानात गेले. पाटी उतरवून भिंतीला टेकवली होती. अंकल खोक्यांत सामान भरत होते. शाळेने दुरुस्तीचं काम काढून घेतलंय. बा गावात त्यांच्या बहिणीचं शिवणाचं दुकान आहे, त्याच्या पडवीत बसणार आहेत.

मी सगळं सांगितलं, वायरपासून. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "पाहिली होती मी. मॉनिटर द्यायला आलो होतो त्याच दिवशी. तुझ्या वडिलांना म्हटलं, सांधा नीट करा, घर जळेल. ते म्हणाले करतो."

"मला का नाही सांगितलंत? मी तुमच्याबद्दल लिहिलं, त्यानंतरही?"

"तुला?" त्यांनी खोक्यावर पट्टी चिकटवली, दाताने तोडली. "वस्तीतल्या तारा कुणी काढायला लावल्या ते सगळ्या बाजाराला माहीत आहे. तुला सांगायचं म्हणजे म्हातारीचा तवा विझवायचा. पानावर उत्तर द्यायचं म्हणजे तेच. दोन पानिकेके खाल्ले होते मी तिचे." खोकं बाजूला सारत म्हणाले, "वाटलं, लाईन बघ म्हटलं की तू शोधशील. शिकलेली आहेस."

मला जे बोलायचं होतं ते मी पाठ करून गेले होते. त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं.

त्यांनी फळीवरून जाड वायरचं वेटोळं आणि एक फ्यूजचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. "ताताला दे. पिळून टेप नाही लावायचा म्हणावं. यात बसव, सरळ मुख्य डब्यातून दुसरी वाट काढ. तुझं मशीनही चालेल, तवाही चालेल."

मी पर्समध्ये हात घातला. ते म्हणाले, "राहू दे. आणि मागच्या दाराने जा. पुढून कुणी फोटो काढला तर उद्या माझ्याबद्दल आणखी काही निघेल."

४ ऑक्टोबर, संध्याकाळ

ताताने दुपारभर बसून सांधा बदलला. मी बॅटरी धरली. एकदाच ते म्हणाले, "धर नीट," आणि मी नीट धरली.

सहाच्या आधी मशीन लावलं. कुणाविरुद्ध खेळायचं नव्हतं, नुसतंच लावलं. कुंपणापलीकडे तेल चुरचुरायला लागलं. दिवा हलला नाही.

बूबू ताटली घेऊन खिडकीपाशी आली. आत डोकावून म्हणाली, "झालं का बरं तुझं यंत्र?"

"झालं, बूबू."

"मला बोटीवर कळलं त्या दुकानवाल्याचं. तू सगळ्यांसमोर लिहिलंस म्हणे. मी तिथे सगळ्यांना सांगितलं, आमची पोरगी आहे ती, शिकलेली, घाबरत नाही कुणाला." तिने ताटलीवरचं फडकं काढलं. "अशा लोकांना सोडायचं नसतं. घे, गरम आहेत."

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी एक घेतला आणि खाल्ला. तिने दुसरा पुढे केला, तोही खाल्ला.

सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. कॉम्प्युटर चालू होता.